खरं लिहू की बरं लिहू?

मानसशास्त्र घेतलं म्हणजे गणिताशी कायमचा काडीमोड, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. बारावीनंतर आर्ट्सला जाणाऱ्या कित्येक मुली हा विषय घेतात तो याच भरवशावर. स्वप्नांचा अर्थ, मुलांचे हट्ट, सासू-सुनेचे स्वभाव, थोडा फ्रॉइड, थोडं समुपदेशन... यात कुठे आलं वर्गमूळ? पण एम. ए.ला पोचल्यावर वेळापत्रकात दोन शब्द डोळे वटारून उभे असतात, ‘संशोधन पद्धती’ आणि ‘संख्याशास्त्र’. आमच्या वर्गातल्या एकीने तर पहिल्याच तासाला शेजारणीला विचारलं, ‘‘अगं, आपण चुकून कॉमर्सच्या वर्गात तर नाही ना बसलो?’’

मी चाळिशीला टेकल्यावर पुन्हा शिकायला लागले. मुलगी दहावीतून सुटली आणि मी एम. ए.त अडकले, असं घरात म्हणतात. दुसऱ्या वर्षाला प्रबंधिका, म्हणजे छोटंसं संशोधन, करावंच लागतं. त्यासाठी लोकांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, त्यांचे आकडे संगणकात घालायचे आणि त्यातून काही निघतंय का ते पाहायचं. हे काम करणारं सॉफ्टवेअर शिकण्याबद्दल मला आज लिहायचं आहे. मैत्रिणींनो, पान उलटू नका. यात सूत्रं नाहीत. बायका आहेत.

माझा विषय साधाच होता. अंगणवाडी सेविका आणि पूर्ण वेळ घर सांभाळणाऱ्या गृहिणी यांना जाणवणारा ताण. त्यासाठी शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली ताणाची मोजपट्टी वापरली. तिच्या दहा प्रश्नांच्या रूपात गेल्या महिनाभरात कसं वाटलं ते विचारलेलं असतं आणि प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण मिळतात. ‘कधीच नाही’ला ०, ‘फार वेळा’ला ४. म्हणजे एका बाईचा आकडा ० ते ४० यांच्यामध्ये कुठेतरी पडणार. हा आकडा म्हणजे आजाराचं निदान नव्हे, हे मी प्रत्येकीला आधी सांगायचे.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी दुपारी दुपारी हे कागद घेऊन हिंडले. कोणी पापड लाटता लाटता उत्तरं दिली, कोणी नवरा येण्याआधी घाईघाईने. एकीने सगळ्या प्रश्नांना ‘कधीकधी’ म्हटलं, कारण तिच्या मते कशालाही ‘फार वेळा’ म्हणणं म्हणजे घरची तक्रार बाहेर नेणं. आणि एक सेविका, पन्नाशीच्या पुढची, पेन हातात धरून बराच वेळ बसली. मग म्हणाली, ‘‘ताई, खरं लिहू की बरं लिहू?’’

मी म्हटलं, ‘‘खरं लिहा. नाव नाहीये कागदावर, नुसता नंबर आहे.’’

तिने लिहिलं. कागद दुमडून दिला. तेव्हा मला कळलं की हे नुसते कागद नाहीत, ठेव आहे. प्रत्येकीला मी प्रश्नावलीबरोबर एक चिठ्ठी द्यायचे. तिच्यावर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर असायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी फोनसेवा फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. आपण कोणाला ‘कसं वाटतं’ असं विचारणार आणि मग पाठ फिरवून निघून जाणार, हे माझ्या मॅडमना मान्य नव्हतं, मलाही नव्हतं.

आता ही ठेव घेऊन जायचं कुठे? विद्यापीठ असलेल्या कुठल्याही गावात रस्त्याला लागून एक दुकान असतं. बाहेर पाटी ‘झेरॉक्स, स्पायरल बायंडिंग, प्रोजेक्ट टायपिंग’ आणि खाली बारीक अक्षरात ‘डेटा अ‍ॅनॅलिसिस करून मिळेल’. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणी तिथेच गेल्या. मीही चौकशीला गेले. दुकानदार अगदी अदबीने बोलला. ‘‘ताई, तुम्ही फक्त फॉर्म ठेवून जा. परवा चौथं प्रकरण तयार. टेबलं, ग्राफ, सगळं रंगीत. आणि सिग्निफिकंट आणून देऊ, त्याची काळजी नको.’’

‘‘आणून देऊ म्हणजे?’’

‘‘म्हणजे... येतंच. नाही आलं तर आणतो आम्ही.’’ शेजारी एक मुलगा उभा होता, त्याच्याकडे चाळीसच फॉर्म होते. त्याला सांगितलं, ‘‘एकशेवीस करून देतो, टेन्शन घेऊ नको.’’

ऐंशी माणसं त्या संगणकात जन्माला येणार होती. त्यांना ताण किती हेही दुकानदारच ठरवणार होता. मी माझी पिशवी उचलली आणि घरी आले. त्या सेविकेने ‘खरं’ लिहिलं होतं, ते या टेबलावर ठेवून यायचं मनाला येईना. आता उरला एकच रस्ता, स्वतः शिकायचं.

कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात एकच संगणक होता, ज्यावर एस.पी.एस.एस. होतं. पूर्ण नाव ‘स्टॅटिस्टिकल पॅकेज फॉर द सोशल सायन्सेस’. १९६८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, डेल बेंट आणि हॅडलाय हल या तिघांनी ते तयार केलं. यातला नाय राज्यशास्त्राचा विद्यार्थी. म्हणजे सर्वेक्षणांच्या ढिगाऱ्यात बुडालेल्या आपल्यासारख्याच एकाची ही गरज होती. त्या काळी भोकं पाडलेली कार्डं यंत्राला भरवावी लागत. २००९ मध्ये आय.बी.एम.ने ती कंपनी विकत घेतली. मॅडमनी शनिवारी दुपारी दोन तास संगणक दिला आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

उघडल्यावर दिसतं काय, तर चौकटीचौकटींचा कागद. दूधवाल्याच्या कार्डासारखा. नियम एकच, पण तो पक्का. एक आडवी ओळ म्हणजे एक बाई. एक उभा रकाना म्हणजे तिची एक गोष्ट – वय, शिक्षण, पहिल्या प्रश्नाचं उत्तर, दुसऱ्याचं उत्तर. खाली दोन कप्पे असतात, एकात आकडे आणि दुसऱ्यात त्या आकड्यांची कुळकथा. रकान्याचं नाव काय (मध्ये जागा सोडलेली चालत नाही आणि नाव अंकाने सुरू झालेलंही चालत नाही), आकड्याचा अर्थ काय, उत्तर न दिलेलं असेल तर कोणता आकडा टाकला. मॅडमनी पहिला पूर्ण शनिवार या दुसऱ्या कप्प्यावरच घालवला. मला वाटत होतं, कधी एकदा ते बटण दाबतोय आणि निकाल बघतोय. त्या म्हणाल्या, ‘‘निवडल्याशिवाय तांदूळ शिजवतेस का?’’

निवडणं का लागतं ते सांगते. संगणकाला शब्द कळत नाहीत म्हणून आपण आकडे देतो. विवाहित १, अविवाहित २, विधवा ३, परित्यक्ता ४. आता हे १, २, ३, ४ म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या आहेत, शाळेतल्या बाकांवर नंबर टाकावेत तशा. तीन नंबर एक नंबराच्या तिप्पट नाही. पण हे संगणकाला कुठे ठाऊक? त्याला सांगितलं ‘सरासरी काढ’, तो काढतो. आमच्या एका मैत्रिणीच्या प्रबंधिकेत दुकानातून रंगीत तक्ता आला होता. त्यात चक्क लिहिलं होतं, ‘वैवाहिक स्थितीची सरासरी १.३८’. म्हणजे सर्वसाधारण बाई एक पूर्णांक अडतीस इतकी विवाहित! आम्ही पोट धरधरून हसलो. मग हसू ओसरलं, कारण तो तक्ता बांधून, सोनेरी अक्षरात नाव छापून तयार होता.

म्हणून प्रत्येक रकान्यापुढे सांगायचं असतं की हा आकडा कुठल्या जातीचा. नुसतं नाव सांगणारा, क्रम सांगणारा की खरोखर मोजमाप सांगणारा. सॉफ्टवेअरच्या भाषेत नॉमिनल, ऑर्डिनल आणि स्केल. गावाचं नाव नॉमिनल, शिक्षणाची पायरी ऑर्डिनल, वय स्केल. एवढं पक्कं डोक्यात बसलं की निम्मं संख्याशास्त्र आलं असं समजा. उरलेलं निम्मं मग फार छळत नाही.

दुसऱ्या शनिवारी वाचन. माझ्या भाचीने टायपिंगला मदत केली होती. मॅडम म्हणाल्या, आधी प्रत्येक रकान्याची नुसती मोजदाद काढ, ‘फ्रिक्वेन्सीज’ म्हणतात तिला. काढली. तर यादीत एक बाई ३३४ वर्षांची निघाली! आणि एकीने ० ते ४ च्या प्रश्नाला ४४ गुण घेतले होते. बोट दोनदा आपटलं की असं होतंच. मूळ कागदावर नंबर असतो, त्यामुळे ढिगातून तो कागद काढून दुरुस्त करता येतं. ती ३३४ वर्षांची आजीबाई तशीच राहिली असती, तर सगळ्यांच्या वयाची सरासरी विनाकारण वर चढली असती. संगणकाने एक शब्द काढला नसता. तो हमाल आहे बिचारा, पोत्यात काय आहे ते विचारत नाही.

आता खरा कळीचा भाग. या ताणाच्या मोजपट्टीत दहापैकी चार प्रश्न उलटे आहेत – चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा. बाकीचे विचारतात, किती वेळा हतबल वाटलं, किती वेळा चिडचिड झाली. हे चार विचारतात, अडचणी निभावून नेऊ असा भरवसा किती वेळा वाटला. इथे ‘फार वेळा’ म्हणजे ताण कमी. तेव्हा बेरीज करण्याआधी या चारांचे गुण उलटे करावे लागतात. ४ चा ०, ३ चा १, याप्रमाणे. सॉफ्टवेअरमध्ये हे मिनिटाचं काम आहे. फक्त नवा रकाना तयार करून त्यात उलटं करायचं, मूळ रकान्यावर गिरवायचं नाही, नाहीतर उलटं केलं होतं की नव्हतं हे चार दिवसांनी आठवत नाही आणि माणूस पुन्हा एकदा उलटं करून बसतो. स्वयंपाकात मीठ घातलं की नाही आठवेना म्हणून दुसऱ्यांदा घालावं, तसलाच प्रकार.

हे उलटं राहिलंय का, ते ओळखायची सोयही आहे. ली क्रॉनबाख या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये मांडलेला ‘अल्फा’ नावाचा आकडा. भोंडल्याच्या फेरात सगळ्या जणी एकाच दिशेने फिरतात की नाही, ते हा सांगतो. दहाही प्रश्न एकाच दिशेने चालले असतील तर अल्फा चांगला वर जातो. साधारण ०.७ च्या वर असला की लोक समाधान मानतात. एखादी उलटी फिरत असेल तर धडकाधडक होते, आकडा खाली कोसळतो, आणि खालच्या तक्त्यात त्या उलट्या फिरणारीच्या नावापुढे उणे चिन्ह दिसतं. मी मैत्रिणीची दुकानातून आलेली फाइल उघडली. तिने हीच मोजपट्टी वापरली होती, कॉलेजच्या मुलींसाठी. चारही प्रश्नांपुढे उणे. कोणी उलटं केलंच नव्हतं. ज्या मुलींना स्वतःवर भरवसा होता, त्या तिच्या तक्त्यात जास्त ताणात दिसत होत्या. तिच्या चौथ्या प्रकरणात त्यावर दीड पान चर्चाही होती!

आम्ही दोघींनी एका संध्याकाळी बसून ते सगळं पुन्हा केलं. तिच्या घरचे दार ठोठावत होते, जेवायचं काय म्हणून. ती आतून म्हणाली, ‘‘आज पिठलं. तेही उशिरा.’’

सरासरीबद्दल थोडं. ही बाई मोठी फसवी आहे. समजा एका बचत गटातल्या पाच जणींचे ताणाचे गुण २०, २०, २०, २०, २० आहेत. दुसऱ्या गटात ५, १२, २०, २८, ३५. दोन्हींची सरासरी २०. कागदावर दोन्ही गट सारखे. पण दुसऱ्या गटात एक जण ३५ वर बसलेली आहे आणि सरासरीने तिला पदराआड झाकून टाकलंय. म्हणून सरासरीच्या शेजारी पसारा किती आहे तेही सांगावं लागतं. प्रमाण विचलन म्हणतात त्याला. पूर्वीच्या विद्यार्थिनी गॅरेटचं पुस्तक पुढ्यात ठेवून हे हाताने काढायच्या. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, वर्ग करा, बेरीज, भागाकार, वर्गमूळ. माझं म्हणाल तर प्रत्येकीने हे एकदा तरी दहा आकडे घेऊन हाताने करावं. शंभरांसाठी मग संगणक आहेच.

सेविका आणि गृहिणी, दोन गट. दोन्हींच्या सरासरीत फरक आहे का, हे बघायला ‘टी’ चाचणी वापरतात. तिची जन्मकथा गमतीची आहे. विल्यम गॉसेट नावाचा गृहस्थ डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. थोड्याशा नमुन्यांवरून मालाचा अंदाज कसा बांधायचा, ही त्याची अडचण. त्याने युक्ती शोधली, पण कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे. म्हणून १९०८ साली त्याने निबंध छापला तो ‘स्टुडंट’, म्हणजे ‘विद्यार्थी’, या टोपणनावाने. आजही जगभर तिला ‘स्टुडंटची टी चाचणी’च म्हणतात.

थोड्या शितांवरून भाताची परीक्षा, हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. पण शीत कुठून उचलतो याला महत्त्व आहे. वरवरचं उचललं आणि तळाशी करपलेलं असलं तर? माझे फॉर्म माझ्या ओळखीपाळखीतून, जवळपासच्या वाड्या-वस्त्यांतून आले होते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या सगळ्या सेविकांबद्दल काही म्हणायचा मला अधिकार नाही, आणि तसं मी प्रबंधिकेत स्पष्ट लिहिलं. कुठलंही सॉफ्टवेअर हे दुरुस्त करू शकत नाही.

तर ती चाचणी चालवली. बटण दाबलं, डोळा मिटून उघडेपर्यंत तक्ता हजर. एवढा मोठा की पहिल्यांदा छातीत धडधडतं. त्यात दोन ओळी असतात. दोन्ही गटांचा पसारा सारखा धरला तर वरची, सारखा नाही धरला तर खालची. कुठली वाचायची, त्यासाठी डाव्या कोपऱ्यात आणखी एक छोटी चाचणी, लेव्हीनची. मॅडमनी हे सगळं बोट ठेवून ठेवून वाचून घेतलं आणि मग ‘सिग.’ नावाच्या रकान्यावर आल्या. सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो इथे.

हा आकडा काय सांगतो ते मला एका चहाच्या गोष्टीवरून कळलं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या एक शास्त्रज्ञ बाई होत्या, शेवाळाच्या अभ्यासक. चहात आधी दूध घातलं की आधी चहा ओतला, हे आपल्याला चवीवरून कळतं, असा त्यांचा दावा. (आपल्याकडे सगळं एकत्र उकळत असल्यामुळे हा वाद निघायचा नाही.) तिथेच काम करणाऱ्या रोनाल्ड फिशरने आठ कप मांडायची कल्पना काढली. चारांत आधी दूध, चारांत आधी चहा, आणि क्रम गुप्त. नुसत्या अंदाजाने आठातून नेमके ते चार निवडायचे झाले, तर निवडीचे एकूण ७० प्रकार होतात आणि बरोबर त्यातला एकच. म्हणजे नुसत्या नशिबाने सगळे कप ओळखण्याची शक्यता ७० मध्ये १, दीड टक्क्याहूनही कमी. १९३५ च्या पुस्तकात फिशरने बाईंचं नाव न घेता ही चहाची परीक्षा मांडली. बाईंनी सगळे कप बरोबर ओळखले, असं नंतर एकाने आठवणीतून सांगितलं.

‘सिग.’चा आकडा हेच सांगतो. मुळात दोन गटांत काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती ०.०५ हून, म्हणजे शंभरात पाचांहून, कमी असली की ‘सिग्निफिकंट’ म्हणायची प्रथा. ही पाचाची रेघ काही वेदवाक्य नाही, फिशरनेच १९२५ मध्ये सोयीची म्हणून सांगितलेली. आणि तिच्या इतकं आहारी जाऊ नका, नुसत्या या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, असं अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेला २०१६ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं. आणखी एक बारीकसं. जुन्या आवृत्त्यांत इथे कधीकधी .००० छापून येतं. त्याचा अर्थ शून्य नव्हे. ०.००१ हूनही कमी, इतकाच. प्रबंधिकेत ‘शक्यता ०’ लिहिलं की परीक्षक तिथेच पकडतात.

माझा आकडा ०.०५ च्या बराच वर आला. फरक सिद्ध झाला नाही.

खरं सांगते, वाईट वाटलं. उन्हातान्हात फिरलेले दोन महिने, पापडाच्या पिठाचे हात, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि वाटलं, एवढं करून हाती काय, तर ‘काही नाही’? वर्गात एक-दोघी कुजबुजल्या, ‘‘जरा चार-पाच फॉर्म काढून टाक ना. कोणाला कळतंय?’’ एक जण म्हणाली, त्या दुकानात दे, आणतील ते. सॉफ्टवेअरमध्ये हे किती सोपं असतं म्हणून सांगू! एखादी ओळ निवडायची, डिलीट दाबायचं. एक बाई गेली. पुन्हा चाचणी चालवायची. नाही आलं? अजून एक.

पण मला आता दिसत होतं की कुठली ओळ कोणाची. नाव नव्हतं, तरी नंबर होता, आणि नंबर लिहिताना मी समोर बसलेली होते. ‘खरं लिहू की बरं लिहू’ विचारणारीचा फॉर्म मला ओळखता येत होता. तिला ‘खरं लिहा’ सांगून मी ‘बरं’ लिहायचं?

मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘‘फरक सापडला नाही हाही निकाल आहे. तसाच लिही. किती फरक होता, पसारा किती होता, ते आकडे दे. फरकाचा आकार दे.’’ आकार मोजायला जेकब कोहेनचं ‘डी’ नावाचं माप आहे. साधारण ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. हे माप सगळ्यांनी द्यायला हवं असं माझं आता ठाम मत झालंय. कारण माणसं पुरेशी मोठ्या संख्येने घेतली तर नखाएवढा फरकही ‘सिग्निफिकंट’ ठरतो, आणि थोडीच घेतली तर चांगला हातभर फरक निसटून जातो.

आता ज्यांना शिकायचंय, किंवा ज्यांच्या मुली शिकताहेत, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. एस.पी.एस.एस. विकत घेणं विद्यार्थिनीच्या खिशाचं काम नाही, आणि पेन ड्राइव्हवरून मिळणाऱ्या चोरट्या प्रतीबरोबर व्हायरस आंदण येतो. कॉलेजात असेल तर तिथे शिका. घरी फुकट आणि कायदेशीर पर्याय आहेत. ‘पी.एस.पी.पी.’ दिसायला जवळजवळ एस.पी.एस.एस.ची धाकटी बहीण. ‘जॅस्प’ अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातून आलेलं. ते एस.पी.एस.एस.ची फाइलही उघडतं, आणि निकाल नीट तक्त्यात मांडून देतं. ‘जमोवी’ही तसंच सोपं. मी घरी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर ‘जॅस्प’च वापरलं, पोळ्या झाल्यावर, रात्री दहानंतर. आणि ‘आर’ आहे, न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकात बनवलेलं. त्यात क्लिक करायचं नसतं, आज्ञा लिहायच्या असतात, म्हणून सुरुवातीला जड जातं. पण ज्या मुलीला पुढे यातच काम करायचंय तिने ते टाळू नये.

इंग्रजीची भीती वाटते, ते मला मान्य आहे. मीही मराठी माध्यमाचीच. पण मेनूतले रोज लागणारे शब्द वीस-पंचवीस असतील. ते वहीत लिहून पुढे मराठी अर्थ लिहिला की झालं. शिवाय एस.पी.एस.एस.मध्ये ‘पेस्ट’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की आपण काय काय केलं त्याची आज्ञा लिहून निघते. ती जपून ठेवायची, आपण पाककृती उतरवून ठेवतो तशी. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर तोच पदार्थ तस्साच करून दाखवता आला पाहिजे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलं तर तीही आज्ञा लिहून देते, आणि भराभर देते. घ्या मदत, लाजू नका. पण चार प्रश्न उलटे आहेत हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तिला विचारणार काय?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझं चौथं प्रकरण चाळलं. बाकी काही न विचारता म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही स्वतः केलंत?’’ मी हो म्हटलं. त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, ‘‘अल्फा काढून दाखवा.’’ काढून दाखवला.

निकाल लागल्यावर मी दोन अंगणवाड्यांत जाऊन आले. ज्यांनी वेळ दिला त्यांना काय निघालं ते सांगायला हवं ना. खाऊ वाटून झाला होता, पोरं पेंगत होती. मी सांगितलं, बाई, सेविका आणि गृहिणी यांच्या ताणात आम्हाला ठळक फरक काही सापडला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे.

‘‘म्हंजे घरच्या बायकाबी तेवढ्याच दमत्यात म्हना की!’’

‘‘अगदी तसंच नाही म्हणता येत,’’ मी म्हटलं. ‘‘फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच, असं नसतं. आणखी बायकांना विचारावं लागेल.’’

‘‘मग विचारा की,’’ ती म्हणाली आणि रजिस्टर ओढून पोषण आहाराचे आकडे भरू लागली.